शांत भूमींतील भूकंप आणि ज्ञानाची देवघेव

विद्यार्थिमित्रहो, आपल्या दख्खनच्या पठाराविषयीं आपण लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलों आहों. ती अशी कीं, हा प्रदेश काळ्या कातळाचा, अतिशय पुरातन व घट्ट आहे. भूकंप हें हिमालयाच्या पायथ्याचें, आसामचें किंवा जपानचें दुखणें होय, आपलें नव्हे. ह्या समजुतींत सत्याचा अंश मोठा आहे. आपल्याकडे मोठे भूकंप खरोखरच फार क्वचित् होतात. परंतु “क्वचित्” आणि “कधींच नाहीं” ह्या दोहोंमधील अंतर किती भयंकर असूं शकतें, हें ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांतील लोकांनीं अनुभविलें. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालें होतें. लोक उशिरां निजले होते. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत जमीन हादरली, आणि थोड्याच क्षणांत गांवेंच्या गांवें दगडामातीचे ढीग होऊन पडलीं. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान होती.

वस्तुतः हा भूकंप जगांतील अतिप्रचंड भूकंपांत गणला जाण्याजोगा नव्हता. त्याचें माप ६ हून थोडेंसेंच अधिक होतें. आणि ६ च्या वरचे शंभराहून अधिक भूकंप पृथ्वीवर दरवर्षीं होत असतात. मग येथें एवढा संहार कां झाला? त्याचीं तीन कारणें सांगतां येतील. पहिलें, भूकंपाचें केंद्र जमिनीखालीं दहा किलोमीटरांहूनही कमी खोलीवर होतें. दुसरें, तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या व मातींत रचलेल्या असून माळवदावर मातीचा जड थर असे. तिसरें कारण डोळ्यांना दिसणारें नाहीं, पण तेंच आजच्या पाठाचा विषय आहे. त्या वेळच्या सरकारी नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. गवंड्याला, घरमालकाला किंवा अंमलदाराला भूकंपाचा विचार करावा असें वाटण्यास कांहीं निमित्तच नव्हतें.

नकाशा करणारे लोक निष्काळजी होते काय? तसें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. भूकंप ज्या देशांत वारंवार होतात, तेथें जमीन स्वतःच संशोधकाला शिकविते. जेथें ते क्वचित् होतात, तेथें ती मौन धरून बसते. आणि ह्या मौनाचा अर्थ लावणें फार अवघड असतें.

हें मौन कां असतें तें प्रथम पाहूं. पृथ्वीचें कवच अखंड नसून त्याचीं मोठमोठीं शकलें आहेत व तीं अत्यंत मंद गतीनें सरकत असतात. भारतभूमि ज्या शकलावर आहे तें दरवर्षीं सुमारें पांच सेंटिमीटर ह्या वेगानें उत्तरेकडे सरकून आशियाखंडास रेटीत आहे. ह्या रेट्याचा बहुतेक भार हिमालयाच्या बाजूस पडतो व तेथें भूकंपही पुष्कळ होतात. परंतु फळीचें एक टोक भिंतीशीं टेकवून दुसऱ्या टोकाकडून दाबलें असतां ताण केवळ टोकाशींच राहत नाहीं. तो सबंध फळींतून जातो, व मध्येंच एखादी जुनी चीर असेल तर ती उकलते. दख्खनच्या कातळाखालीं अशा पुरातन चिरा आहेत. त्यांना भ्रंश असें म्हणतात. त्यांवरील ताण फारच सावकाश सांठतो. म्हणून एकाच भ्रंशावर एक मोठा भूकंप झाल्यावर दुसरा होईपर्यंत हजारों वर्षें लोटूं शकतात. आपली गांवोगांवची लेखी नोंद मात्र कांहीं शतकांपलीकडे जात नाहीं. तेव्हां “आमच्या आजोबांच्या आठवणींत येथें कधीं भूकंप झाला नाहीं” हें वाक्य खरें असलें, तरी त्यावरून निष्कर्ष काढतां येत नाहीं.

ह्यावर उपाय काय? एखाद्या विरळा रोगाचें उदाहरण घ्या. एका गांवच्या वैद्यास तो रोग आयुष्यांत एकदांच दिसेल, किंवा दिसणारही नाहीं. पण शंभर गांवच्या वैद्यांनीं आपापलीं टिपणें एकमेकांस दाखविलीं, तर त्या रोगाचीं लक्षणें सर्वांनाच कळतील. शांत भूमींतील भूकंपांचें असेंच आहे. एका प्रदेशांत दहा हजार वर्षें वाट पाहणें मनुष्यास शक्य नाहीं; परंतु सारख्या घडणीच्या अनेक प्रदेशांतील शेंदोनशें वर्षांच्या नोंदी एकत्र करणें शक्य आहे. काळाची उणीव स्थळांच्या विस्तारानें भरून काढावयाची, हें ह्या शास्त्राचें मोठें सूत्र आहे. अर्थात् नोंदी एकत्र करावयाच्या म्हणजे त्या एकमेकांना दिल्या पाहिजेत. येथें ज्ञानाची देवघेव हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहत नाहीं. तिच्यावांचून शास्त्रच उभें राहत नाहीं.

भूकंपाचें केंद्र शोधण्याची रीत पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. भूकंपाच्या केंद्रापासून दोन प्रकारच्या लाटा जमिनींतून निघतात. पहिल्या वेगवान असतात, दुसऱ्या मंद. जसें वीज आधीं दिसते व गडगडाट मागून ऐकूं येतो, तशा पहिल्या लाटा वेधशाळेच्या यंत्रावर आधीं उमटतात व दुसऱ्या मागून. ह्या दोहोंमध्यें जितके सेकंद जातील त्यांस आठांनीं गुणिलें असतां ढोबळ मानानें भूकंपाचें अंतर किलोमीटरांत मिळतें. समजा, पुण्यास हें अंतर ३५ सेकंदांचें आलें. म्हणजे भूकंप पुण्यापासून सुमारें २८० किलोमीटरांवर झाला. पण कोणत्या दिशेस? तें एका वेधशाळेच्या अंतरावरून समजत नाहीं. मुंबईस ५० सेकंद व हैदराबादेस २७ सेकंद अशा नोंदी मिळाल्या, म्हणजे नकाशावर तीन ठिकाणांहून तीन वर्तुळें काढतां येतात, व तीं जेथें एकत्र येतात तेथें केंद्र असतें. हे आंकडे समजुतीकरितां घेतले आहेत. विद्यार्थ्यांनीं कंपास घेऊन प्रमाणबद्ध नकाशावर हीं वर्तुळें काढावींत आणि तीं कोणत्या भागांत भेटतात तें स्वतः पाहावें. हैदराबादनें आपली नोंद पेटींत ठेवली, तर पुणें व मुंबई मिळूनही दोन ठिकाणांमध्यें घोटाळत राहतील.

ही गोष्ट प्रथम ज्यांनीं ओळखिली त्यांत जॉन मिल्न ह्या इंग्रज विद्वानाचें नांव अग्रगण्य आहे. जपानांत अनेक वर्षें अध्यापन करून १८९५ सालीं ते स्वदेशीं परतले, आणि आइल ऑफ वाइट ह्या लहानशा बेटावरील शाइड येथें राहून त्यांनीं जगभर एकाच नमुन्याचीं यंत्रें बसविण्याचा उद्योग आरंभिला. निरनिराळ्या देशांच्या नोंदी ते मागवीत, जुळवीत व छापून सर्वांना पाठवीत. इंग्लंड हा भूकंपाचा देश नव्हे. तरी जगाच्या भूकंपांची वही बराच काळ त्या बेटावर लिहिली जात होती. आपल्या देशांत आसामच्या १८९७ च्या प्रचंड भूकंपानंतर १८९८ सालीं कलकत्त्याजवळ अलीपूर येथें भूकंपलेखक यंत्र बसलें, व त्यामागोमाग मुंबईची कुलाबा वेधशाळा आणि दक्षिणेंतील कोडाईकनाल येथेंही तशीं यंत्रें आलीं. मिल्न १९१३ सालीं वारल्यावर तें काम ऑक्सफर्ड येथें प्रो. टर्नर यांनीं पुढें चालविलें, आणि १९६४ सालीं त्यांतूनच इंटरनॅशनल सिस्मॉलॉजिकल सेंटर ही संस्था निघाली. अनेक देशांच्या वेधशाळा आपल्या नोंदी तिच्याकडे पाठवितात.

शाळांनीं ह्या कामीं केलेला उद्योगही सांगण्यासारखा आहे. १९०९ सालीं अमेरिकेंतील जेझुइट पंथाच्या विद्यालयांनीं क्लीव्हलंड येथील फादर ओडेनबाख यांच्या पुढाकारानें एकाच जातीचीं यंत्रें आपापल्या आवारांत बसविलीं व त्यांच्या नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणीं पाठविण्यास आरंभ केला. ह्यांतील पुष्कळ विद्यालयें अशा प्रदेशांत होतीं कीं, तेथील मनुष्यास जन्मभरांत एकही मोठा धक्का जाणवूं नये. परंतु त्याच देशाच्या मध्यभागीं, मिसिसिपी नदीच्या कांठीं न्यू माद्रिद येथें १८११ व १८१२ च्या हिंवाळ्यांत अनेक प्रचंड भूकंप झाले होते, व त्यानंतर तो भाग तेवढ्या जोरानें पुन्हां हादरलेला नाहीं. सेंट लुई येथील विद्यापीठानें त्या भागाचा अभ्यास पिढ्यान् पिढ्या चालविला. ज्या भूकंपाची कोणासच आठवण नाहीं त्याचा अभ्यास करीत राहणें, ह्यास मोठी चिकाटी लागते.

यंत्रें येण्यापूर्वींच्या काळाचें काय? तेथें माणसांच्या लेखण्या हींच यंत्रें होत. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बन शहर भूकंपानें व त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांनीं व आगीनें उद्ध्वस्त झालें. पोर्तुगाल हा जपानसारखा वारंवार हादरणारा देश नव्हे. तेथील मुख्य प्रधान पोंबाल यांच्या राज्यकारभारांत गांवोगांवच्या धर्मगुरूंकडे प्रश्नांची एक यादी धाडण्यांत आली. धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधीं ओसरला कीं चढला? किती माणसें मेलीं? अशा साध्या प्रश्नांचीं साधीं उत्तरें लोकांनीं लिहून दिलीं. तीं लिस्बनच्या दप्तरखान्यांत जपून ठेविलेलीं आहेत, आणि अडीचशें वर्षांनंतरचे संशोधक त्यांवरून त्या भूकंपाचा नकाशा काढूं शकतात. आपल्या देशांतही भूगर्भशास्त्रज्ञ थॉमस ओल्डहॅम यांनीं हिंदुस्थानांतील भूकंपांची १८६९ पर्यंतची यादी तयार केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं त्यांचे पुत्र रिचर्ड यांनीं प्रसिद्ध केली. ज्या भागांत शतकांतून एकदां जमीन हलते, तेथें अशा जुन्या टिपणांतील दोन ओळीही मोलाच्या असतात.

देवघेव करावयाची तर मापें एक असावीं लागतात. बाजारांत एकाचा शेर लहान व दुसऱ्याचा मोठा असेल तर व्यवहार होणार नाहीं. भूकंपाचीं मापें दोन प्रकारचीं आहेत. एक त्याच्या मूळ शक्तीचें. तें दिव्याच्या शक्तीसारखें असून सर्वत्र एकच असतें. हें माप एका अंकानें वाढलें कीं भूकंपांतील शक्ति सुमारें बत्तीस पट होते. दुसरें माप ठिकठिकाणच्या हादऱ्याचें. तें दिव्यापासून दूर जातांना प्रकाश मंद व्हावा तसें स्थळपरत्वें बदलतें. जुन्या कागदांतून दुसरेंच माप मिळतें, यंत्रांतून पहिलें. दोहोंची सांगड घालतांना एका देशानें एक नियम व शेजाऱ्यानें दुसरा नियम लाविला, कीं एकच भूकंप दोन वह्यांत दोन आकारांचा होऊन बसतो.

स्वित्झर्लंडांतील बाझल शहर असल्याच ठिकाणीं आहे. तेथें फ्रान्स, जर्मनी व स्वित्झर्लंड ह्या तीन देशांच्या सीमा मिळतात. हें शहर १८ ऑक्टोबर १३५६ रोजीं भूकंपानें पडलें. त्यानंतर त्या तोडीचा धक्का तेथें बसलेला नाहीं. आतां, जमिनीखालील भ्रंशास राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. पण प्रत्येक देशाचा धोक्याचा नकाशा आपल्या सीमेशीं थांबतो. नदीच्या ह्या कांठीं धोका अधिक व पलीकडच्या कांठीं कमी, असे नकाशे झाले तर ते निसर्गाचे नव्हेत, कचेऱ्यांचे होत. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील संशोधकांनीं आपल्या याद्या जुळवून तिन्ही देशांचा एकच नकाशा तयार केला. १९९२ ते १९९९ ह्या काळांत हेंच काम सर्व पृथ्वीसाठीं करण्याचा एक जागतिक उपक्रम पार पडला, व त्यांतून साऱ्या जगाचा भूकंपाच्या धोक्याचा नकाशा निघाला.

आतां पुन्हां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. कोयना नदीवरील धरणामागें १९६२ च्या सुमारास पाणी सांठूं लागलें, आणि त्या परिसरांत लहान लहान धक्के जाणवूं लागले. त्या काळच्या नकाशांत कोयनेचा प्रदेश अगदीं कमी धोक्याच्या श्रेणींत होता. तरीही धक्क्यांची दखल घेऊन तेथें यंत्रें बसविण्यांत आलीं, ही फार शहाणपणाची गोष्ट झाली. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे ६ हून अधिक मापाचा भूकंप झाला. सुमारें दोनशें माणसें मृत्यु पावलीं व कोयनानगरची मोठी हानि झाली. धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें. धरणांतील यंत्रानें त्या क्षणाचा हादरा टिपून ठेविला होता. ती नोंद प्रसिद्ध झाली. आणि धरणाची भिंत भूकंपांत कशी वागते हें शोधणाऱ्या अमेरिकेपासून इतर अनेक देशांतील अभियंत्यांनीं आपल्या गणितांत ती वापरली. अशा रीतीनें कोयनेच्या खोऱ्यांतील दुःखाची रेघ दूरच्या देशांतील लोकांच्या रक्षणास उपयोगी पडली.

उलट, कोयनेचें कोडें उलगडण्यास बाहेरची माहितीही तितकीच उपयोगी पडली. चीनमधील शिनफेंगजियांग येथें १९६२ सालीं, आफ्रिकेंतील करीबा येथें १९६३ सालीं व ग्रीसमधील क्रेमास्ता येथें १९६६ सालीं मोठ्या जलाशयांजवळ भूकंप झाले होते. एकेक प्रसंग सुटा पाहिला तर योगायोग वाटेल. चारही शेजारीं मांडले तेव्हां मोठे जलाशय व भूकंप यांचा संबंध विद्वानांस स्पष्ट दिसूं लागला. पुढें २०११ सालीं अनेक देशांचे शास्त्रज्ञ कोयनेच्या प्रश्नावर विचार करण्यास एकत्र जमले, आणि नंतर तेथें सुमारें तीन किलोमीटर खोलीचें भोंक घेऊन खालच्या खडकाची परीक्षा करण्यांत आली.

किल्लारीचीही गोष्ट अशीच आहे. तेथें जमीन पृष्ठभागापर्यंत फाटली होती. शांत भूमींत असें फार थोड्या वेळां घडलेलें आहे. ऑस्ट्रेलियांत मेकरिंग येथें १९६८ सालीं व टेनंट क्रीक येथें १९८८ सालीं, आणि कॅनडाच्या उंगाव्हा प्रदेशांत १९८९ सालीं तसें झालें होतें. ह्या दूरदूरच्या स्थळांशीं तुलना केल्यावांचून किल्लारीच्या भेगेचा अर्थ समजणें कठीण होतें. १९९४ सालीं अमेरिकेंतील विद्वानांनीं जगांतील सर्व शांत भूखंडांच्या भूकंपांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला, तोही ह्याच सूत्रावर. किल्लारीनंतर आपल्या देशांत नवीं व अधिक सूक्ष्म यंत्रें बसविण्यांत आलीं. २२ मे १९९७ रोजीं जबलपूर येथें भूकंप झाला तेव्हां त्याची नोंद त्यांनीं उत्तम प्रकारें घेतली. त्याचें केंद्र तीस किलोमीटरांहूनही खोल निघालें. म्हणजे शांत भूमीचे भूकंपही सर्व एका जातीचे नसतात, हें नवें ज्ञान झालें. २००२ सालीं सरकारी नकाशांतील पहिली श्रेणी अजिबात काढून टाकण्यांत आली, व लातूरचा भाग तिसऱ्या श्रेणींत घेतला गेला. “येथें धोका जवळजवळ नाहीं” असें सांगणारा रंगच नकाशांतून पुसला गेला.

एवढें असूनही माहिती रोखली जाते, हें खेदानें म्हणावें लागतें. कधीं ती एखाद्या कचेरीच्या कपाटांत धूळ खात पडते. कधीं दुसरा आपल्याआधीं निबंध लिहील ह्या ईर्ष्येनें ती दडविली जाते. कधीं लोक घाबरतील म्हणून गुप्त ठेविली जाते. पण माहिती दडविल्यानें भीति कमी होत नाहीं. तिच्या जागीं अफवा येतात. किल्लारीच्या परिसरांत १९९२ च्या ऑगस्टपासून लहान धक्के बसत होते. त्यांवरून पुढील भूकंपाचा दिवस सांगतां आला असता असें कोणीं समजूं नये. असे धक्के पुष्कळदां येतात व आपोआप थांबतात. भूकंपाची तारीख आधीं सांगण्याची विद्या आजही कोणापाशीं नाहीं. परंतु तारीख न कळतां घर मजबूत करतां येतें. माहितीचा खरा उपयोग तो हाच.

ऑस्ट्रेलियांतील न्यूकॅसल शहरीं २८ डिसेंबर १९८९ रोजीं ५.६ एवढ्याच मापाचा धक्का बसला. तरी तेरा माणसें दगावलीं, कारण शांत भूमि म्हणून इमारती तशाच बांधलेल्या होत्या. म्हणून संशोधकांची देवघेव संशोधकांपाशींच थांबून चालणार नाहीं. ती गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत पोंचली पाहिजे. दगडी भिंतींत जागोजाग आरपार जाणारे लांब दगड घालावे, कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंफाव्या, दारांच्या वर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा मजबूत पट्टा द्यावा, आणि छपरावर मातीचा भार ठेवूं नये. घर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या पालकांनीं एवढ्या चार गोष्टी जाणत्या माणसास विचारून कराव्या. त्यांस घराच्या मानानें फारसा खर्च येत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांलाही ह्यांत भाग घेतां येतो. कधीं लहानसा धक्का जाणवला तर घाबरून न जातां वेळ, ठिकाण, किती क्षण टिकला, भांडीं खडखडलीं काय, टांगलेला दिवा हलला काय, भिंतीस तडा गेला काय, हें तारखेसह लिहून ठेवा आणि शिक्षकांमार्फत सरकारी भूकंपखात्याकडे पाठवा. गांवांतील वृद्धांना जुन्या धक्क्यांच्या आठवणी विचारा. देवळाच्या, चर्चच्या किंवा वाड्याच्या जुन्या कागदांत कांहीं नोंद आढळली तर ती उतरून घ्या. ऐकीव व डोळ्यांनीं पाहिलेलें ह्यांत भेद ठेवा, आणि एकही शब्द वाढवून लिहूं नका. लिस्बनच्या खेड्यांतील त्या लेखकांना आपण शास्त्राची सेवा करीत आहों हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर दिलें, इतकेंच. किल्लारीच्या पिढीला जें कोणी सांगूं शकलें नाहीं, तें पुढच्या पिढीला सांगण्याचें काम आतां आपलें आहे.